उत्तरेचा वारा आणि मळ्यातले घर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात थंडीची चाहूल लागली की केळीच्या बागांना उत्तरेच्या अंगाने हिरवी जाळी बांधली जाते, आणि जाणत्या शेतकऱ्याने बांधाच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत त्याआधीच वाढवलेले असते. पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीला चरका बसतो, हे तेथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्याच मळ्यातले राहते घर मात्र सातपुड्याकडून येणाऱ्या वाऱ्याला उघडे असते. जी युक्ती बागेला लागू पडते तीच घरालाही लागू पडते, फक्त काही ठिकाणी हात थोडा आखडता घ्यावा लागतो.

आडोसा उभारताना तो भिंतीसारखा भरीव करू नये. भरीव आडोशावर आदळलेला वारा वरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करीत खाली येतो; ज्यातून निम्मा वारा गाळून जातो असा आडोसा वाऱ्याचा जोर अधिक लांबपर्यंत मोडतो. म्हणून ताडपत्रीपेक्षा शेडनेट किंवा तुराट्यांचा कूड चांगला. आडोशाचा परिणाम त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो, पण खरा निवारा त्याच्या जवळच मिळतो. तेव्हा तीन मीटर उंचीचा आडोसा घरापासून सहा ते पंधरा मीटरांवर असावा. पऱ्हाट्या फुकट मिळतात म्हणून त्यांचाच कूड घालण्याचा मोह होतो, परंतु वाळलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते, हे ध्यानात ठेवावे.

घर पत्र्याचे असेल तर पत्रे आधी तपासावेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि हा जोर पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा बहुधा वर उचलतो. सर्वाधिक ओढ कडा, कोपरे आणि आढ्यापाशी असते. तेथील पत्रे धरणारे इंग्रजी ‘J’ आकाराचे हुक जवळजवळ असावेत, ते पन्हळीच्या उंचवट्यावर घेतलेले असावेत आणि त्यांचे वायसर कुजलेले नसावेत. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्याने पत्रा खडखडायचा थांबतो, पण मोठ्या झोतात पत्र्याबरोबर दगडही खाली येतो. वारा जोरात असताना उत्तरेकडचे दार उघडे राहिले तर आत शिरलेला वाराही पत्रा खालून ढकलतो, म्हणून त्या दिवसांत ये-जा दक्षिणेच्या दारानेच करावी.

भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या पन्हळींतून जो वारा येतो तोच रात्री डोक्याला लागतो. हवा १० अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा उघड्या अंगाला सुमारे ७ अंशांसारखा बोचतो, कारण अंगाभोवतीची उबदार हवा तो टिकू देत नाही. उत्तरेच्या बाजूच्या फटी गोणपाटाच्या बोळ्यांनी आणि वरून शेणमातीच्या लिंपणाने बुजवाव्यात, दाराच्या उंबऱ्याशी वाळू भरलेली लांबट पिशवी टाकावी, आणि खाट उत्तरेच्या भिंतीपासून हातभर सरकवावी. गोधडी अंगावर जितकी घ्यावी तितकीच खालीही अंथरावी, कारण खाटेच्या सुंभातून वारा पाठीला लागतो.

दक्षिणेच्या बाजूच्या फटी मात्र बुजवू नयेत. सगळे घर बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे हा या दिवसांतला सर्वांत घातक प्रकार आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. शेगडीवर शेकून घ्यावे आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊन पाणी टाकून विझवावी. वाऱ्याच्या रात्री नुसती राख झाकलेली शेकोटी विझली असे समजू नये. कडब्याची गंजी जवळ असते आणि भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरलेला असतो, त्याला एक ठिणगी पुरते.

गोठ्यालाही उत्तरेकडून बारदानाचा पडदा लावावा. त्याच्या खालच्या कडेला बांबू शिवून घेतला नाही तर तो रात्रभर फडफडतो आणि गुरे बिथरतात. पडदा गुरांच्या पाठीच्या उंचीच्या थोडा वरपर्यंतच असावा, कारण वरची बाजू मोकळी नसेल तर मुताचा उग्र वास कोंडतो आणि वासरे खोकू लागतात. खाली कोरडे पाचट पसरावे व ओले झालेले रोज काढावे. ओल्या अंगाच्या वासराला साधी झुळूकही सोसत नाही.

होळीच्या सुमारास हे सर्व सोडून, झटकून, उन्हात वाळवून ठेवावे. तसेच राहू दिलेल्या गोणपाटाच्या घड्यांत विंचू आणि उंदीर घर करतात, आणि खान्देशातल्या एप्रिलमध्ये त्याच फटींतून येणारी हवा हवीहवीशी वाटू लागते.