डोनर एगसाठी क्लिनिक निवडताय? या चुका टाळा

मुंबईत फ्लॅट घ्यायचा तर आपण दहा जणांना विचारतो. बिल्डर कसा, पाणी किती वेळ येतं, ओसी मिळाली का. गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर अख्खी सोसायटी डॉक्टर सुचवते. डोनर एगचं, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन मूल होण्याच्या उपचाराचं, मात्र कुणाला विचारायचं? सासूबाईंना सांगितलेलं नसतं, आईला अर्धंच सांगितलेलं असतं, ऑफिसात तर विषयच नाही. मग उरतं काय, तर स्टेशनबाहेरचं होर्डिंग, मोबाइलवरची जाहिरात आणि दर दोन दिवसांनी ‘मॅडम, काय ठरलं?’ असा फोन करणारी क्लिनिकमधली मुलगी. माझ्या बहुतेक चुकांची सुरुवात इथेच झाली. गुपित ठेवण्यात काही गैर नाही, आम्हीही ठेवलं. पण घरी गप्प बसायची सवय लागली की माणूस क्लिनिकातही गप्पच बसतो, आणि ते फार महागात पडतं.

‘बारा एग्ज गॅरंटीड’ला भुलणं

माझं एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, अगदी तळाला गेलेलं, वय एकोणचाळीस. पहिल्याच क्लिनिकात काउन्सेलर मॅडमनी पॅकेजचा कागद पुढे सरकवला: बारा एग्ज, गॅरंटीड. आम्ही दोघं खूश. मुलुंडला परतताना लोकलमध्ये नवऱ्याने हिशेबही केला, बारातून एवढे एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, त्यातून दोन ट्रान्सफर, म्हणजे दोनदा गर्भाशयात सोडणं, एखादा पुढच्यासाठी राखून. ॲडव्हान्सही भरला.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे सगळे ज्याला एआरटी कायदा म्हणतात तो, २०२१ चा आहे आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करायचं. तिच्याकडून जास्तीत जास्त ७ बीजं घ्यायची. आणि एग बँकेने, म्हणजे डोनरची बीजं पुरवणाऱ्या संस्थेने, एका डोनरची बीजं एकाच जोडप्याला द्यायची.

आता बारा कुठून येणार? मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘आमचं टाय-अप आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन तिथूनच सुरू झालं. ‘एक डोनर दोन जोडप्यांत, खर्च निम्मा’ अशी ऑफरही कुणी देतं. ती कायद्यात बसत नाही, कितीही स्वस्त पडली तरी. क्लिनिकबाहेर भेटून ‘माझ्याकडे चांगली मुलगी आहे’ म्हणणारा एजंट असेल तर तिथून उठाच. मध्यस्थाकरवी डोनर मिळवणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि सात बीजं म्हणजे सात बाळं नव्हेत. काही कच्ची निघतात, काही फलित होत नाहीत, काही गर्भ तिसऱ्या दिवशीच थांबतात. पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्टपर्यंत, दोन-तीन पोहोचले तरी पुष्कळ. म्हणून विचारायचं ते हे: बीजं ताजी मिळणार की गोठवलेली? गोठवलेली असतील तर वितळवल्यावर काही टिकत नाहीत. मग तो तोटा कोणाचा? एकही चांगला गर्भ तयार झाला नाही तर पुढे काय, आणि त्याचे पैसे किती? ही उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत.

पाटी पाहून आत जाणं

क्लिनिकची नोंदणी आहे का, हे जवळपास कुणीच विचारत नाही. काचेच्या केबिन, कॉफी मशीन, भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. एवढ्यावर विश्वास बसतो. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा. त्यावर लेव्हल बघा. लेव्हल १ म्हणजे आययूआयपर्यंतच, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंत. आयव्हीएफ, म्हणजे लॅबमध्ये बीज फलित करणं, आणि अर्थात डोनर एगसुद्धा, लेव्हल २ मध्ये येतं. मुदत संपलेली नाही ना, तेही पाहून घ्या.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. तुम्ही जाता बोरिवलीच्या किंवा ठाण्याच्या छोट्या शाखेत, लॅब असते दुसरीकडेच. शाखेत फक्त बोलणी आणि सोनोग्राफी. त्यात चूक काही नाही, पण नोंदणी ज्या जागेची तिथलीच ती असते. म्हणून फलन कुठे होणार, ट्रान्सफर कुठे होणार, त्या पत्त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे लिहून घ्या. एग बँकेची नोंदणी वेगळी असते. तिचं नाव आणि क्रमांक सांगताना कुणी अडखळत असेल तर सावध व्हा. डोनरची ओळख गुप्त असते, बँकेची नव्हे.

गोरी, उंच, पण एचबीए२ चं काय?

इथे आम्हीच कमी पडलो. डोनरची माहिती आली तेव्हा पहिला प्रश्न नवऱ्याच्या तोंडून निघाला, ‘रंग?’ मला राग आला आणि मग लाज वाटली, कारण माझ्याही मनात तोच होता. नाक कुणावर गेलं, हे पुढे नातेवाईक बारशालाच ठरवतात, आणि कुणावर तरी गेलंच असं ठरतं.

विचारायचं ते वेगळंच असतं. वय नेमकं किती. रक्तगट, आरएचसकट, तुम्ही स्वतः आरएच निगेटिव्ह असाल तर हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या कायद्यानेच सक्तीच्या आहेत. त्यापलीकडे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासलं का, हे आवर्जून विचारा. मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी वस्ती मोठी, आणि या समाजांत थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण आजार मुलाकडे जाऊ शकतो अशांचं, प्रमाण जास्त. पण म्हणून मराठी घरांनी निर्धास्त राहू नये. डोनर मायनर आणि नवराही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. नवऱ्याची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. ती आधी करून टाका.

डोनरच्या नावे बारा महिन्यांचा विमा काढणं जोडप्यावर बंधनकारक आहे. आमच्या पहिल्या पॅकेजात तो कुठेच नव्हता. विचारल्यावर ‘बँक बघते’ म्हणाले. त्या बाईला इंजेक्शनं घ्यायची आहेत, भूल घ्यायची आहे. तिचं काही बिघडलं तर? बिलात विम्याची वेगळी ओळ दिसली पाहिजे. जे क्लिनिक तिच्या बाबतीत हात आखडता घेतं, ते माझ्या बाबतीत सैल सोडेल असं मला वाटेना. क्लिनिक बदलायचं खरं कारण तेच झालं.

सक्सेस रेट नुसता ऐकून घेणं

‘आमचा ऐंशी टक्के आहे.’ कशाचे ऐंशी? बीटा, म्हणजे गरोदरपणाची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचे, की बाळ घरी नेलेल्यांचे? एका ट्रान्सफरमागे की तीन ट्रान्सफर मिळून? प्रत्येक वेळी किती गर्भ ठेवून? डोनर एगमध्ये बीज तरुण असल्याने आकडा चांगला असतोच. त्यामुळे स्वतःच्या बीजाचा आणि डोनरचा आकडा एकत्र करून सांगत नाहीत ना, हेही विचारा.

मोठ्या डॉक्टरांचं नाव ऐकून लोक भारावतात, पण लॅबमध्ये कोण बसतं याची चौकशी करत नाहीत. याच शहरात, परळच्या केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ, म्हणजे आयव्हीएफने झालेलं बाळ, जन्मलं. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि परळमधल्याच संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमारही होते. एक ऑपरेशन थिएटरमध्ये, एक लॅबमध्ये. म्हणून एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारे तज्ज्ञ, पूर्णवेळ तिथेच असतात की बाहेरून येतात, हे विचारायला लाजू नका.

‘दोन गर्भ ठेवू, जुळी झाली तर एकदम सुटलात’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. जुळ्यांत बाळं लवकर जन्मण्याचा, बीपी वाढण्याचा धोका जास्त, आणि डोनर एगच्या गरोदरपणात बीपीचा त्रास तसाही जास्त दिसतो. बीज पंचविशीतलं असेल, शरीर चाळिशीतलं आहे. चांगला ब्लास्टोसिस्ट असेल तर एकच ठेवायचा आग्रह तुम्हीच धरा.

डोनर आली म्हणजे सगळं सुटलं असं समजणं

बीजाचा प्रश्न सुटतो, गर्भाशयाचा नाही. ॲडिनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढणं), आतल्या बाजूचा फायब्रॉइड म्हणजे गाठ, पाणी भरलेली गर्भनलिका, जुना टीबी यांतलं काही असेल तर उत्तम गर्भही रुजत नाही. पाणी भरलेली नळी आधी काढावी किंवा बंद करावी लागते. थायरॉइड, शुगर, बीपी, नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट हे सगळं डोनर ठरवण्याच्या आधी व्हायला हवं. पहिल्या भेटीतच ‘डोनर सिलेक्ट करून घेऊ या’ म्हणणाऱ्यांना घाई कसली असते, ते तुम्हाला कळेलच.

लायनिंग, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, सात मिलिमीटरच्या पुढे जात नसेल तर ट्रान्सफर पुढे ढकला. गर्भ गोठवलेले असतील तर महिनाभराने काही बिघडत नाही, जुलैतल्या तुंबलेल्या मुंबईत तर मुळीच घाई नको.

अंतराचा मात्र उगाच बाऊ होतो. स्वतःच्या बीजाच्या सायकलसारखं वारंवार जावं लागत नाही. दोन-तीन सोनोग्राफ्या आणि ट्रान्सफर. त्यामुळे घराजवळचं म्हणून कमी प्रतीचं क्लिनिक निवडू नका. ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस अंथरुणात पडून राहण्याचाही उपयोग नसतो. प्रसूतीचं हॉस्पिटल तेवढं जवळ असावं.

वयाची अट बाई २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५. ‘आधारवरचं वय ॲडजस्ट करू’ म्हणणाऱ्याकडे परत जायचं नाही. ‘मुलगाच हवा असेल तर बघू’ म्हणणाऱ्याकडेही नाही.

चूक आधीच झाली असेल तर

ॲडव्हान्स भरलाय, सही केलीय, म्हणून अडकलो असं नसतं. गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. पैशांसाठी आधी क्लिनिकच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या. तो कक्ष असणं सक्तीचं आहे. आमचे थोडे पैसे परत आले, सगळे नाही.

ट्रान्सफर फसला असेल तर दुसरा डोनर निवडण्याआधी लॅबचा रिपोर्ट मागा: किती बीजं आली, किती पक्व होती, किती फलित झाली, कोणत्या दिवसापर्यंत किती टिकली, गर्भाची ग्रेड काय, उरलेले गोठवले का. ‘नशिबात नव्हतं’ हा रिपोर्ट नसतो. दुसऱ्या डॉक्टरांना या कागदाशिवाय काहीच सांगता येत नाही.

संमतीपत्र मराठीतून समजावून घ्या, घरी नेऊन वाचा. जन्मणारं मूल कायद्याने तुमचंच असतं, डोनरचा त्यावर काही हक्क राहत नाही. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या. मी मागितली तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ओरिजिनल फाइलला लागतं, मॅडम.’ मग झेरॉक्सचे वीस रुपये घेतले. मी ते लगेच दिले.