नांगर अडकला की दोरीला लटकू नका: उजनीवर मासे धरताना या चुका टाळा

सोलापुरातून पहाटे चारला निघायचं, टेंभुर्णीत चहा घ्यायचा आणि उजाडायला उजनी धरणाच्या बॅकवॉटरला होडी पाण्यात ढकलायची. गेली बारा-तेरा वर्षं माझे बरेचसे रविवार असेच गेलेत. गळाला चिलापी लागो न लागो, एक तमाशा मात्र हमखास बघायला मिळतो. शेजारच्या होडीत कुणीतरी कडेवर पाय रोवून, दातओठ खात नांगराची दोरी ओढत असतो. होडी एका अंगाला कललेली असते आणि बाकीचे दोघं त्याच अंगाला येऊन "जोर लाव बे" म्हणून ओरडत असतात.

जोर लावून होत नाही म्हणूनच तर हे लिहितोय.

होडी जागेवर ठेवून नांगर ओढणं

पंधरा फूट पाण्यात वारा असला तर मी सत्तर-पंचाहत्तर फूट दोरी सोडतो, म्हणजे खोलीच्या पाचपट. शांत पाण्यात तिप्पट पुरते. याचा अर्थ नांगर तुमच्या पायाखाली नसतो, लांब कुठंतरी असतो आणि दोरी तिरपी असते. तिरप्या ओढीनं नांगराचे फाळ, म्हणजे खालचे आकडे, चिखलात आणखी खोल जातो. त्यासाठीच तर तो घडवलाय, शेतातला नांगर तरी वेगळं काय करतो? तुम्ही घाम गाळून त्याला आणखी घट्ट रोवत असता.

माझी पद्धत आळशी माणसाची आहे. वल्ह्यानं किंवा मोटर अगदी हळू ठेवून नांगराच्या दिशेनं जायचं. ढिली पडेल तशी दोरी आत घ्यायची. दोरी सरळ उभी झाली, की होडीच्या तोंडाकडच्या खुंटीला दोन-तीन वेढे देऊन गप बसायचं. लाट होडीचं तोंड वर उचलते, तेव्हा अख्ख्या होडीची ताकद नांगराला लागते. तंबाखू मळून होईपर्यंत तो सुटलेला असतो. नवख्या पोरांना ही दोन मिनिटं बसणंच जमत नाही.

अडकलेला नांगर मोटरीनं, मागून ओढणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्यावर जरा जास्त राग आहे.

नोव्हेंबरचे दिवस, धरण काठोकाठ. कुगावच्या अंगाला आम्ही तिघं होतो: मी, माझा दोस्त आणि त्याचा जिमला जाणारा भाचा. नांगर नवाकोरा, चार फाळांचा. वेल्डिंगवाल्याला "मजबूत कर" सांगितलं होतं, त्यानं १६ मिलीमीटरची सळई वापरून खरंच मजबूत केला होता. दुपारी निघताना तो हलेना. भाच्यानं ओढून बघितलं, हातावर वळ उठले. मग म्हणाला, "काका, दोरी मागं बांधा, मोटर मारू." मला तेव्हा शहाणपण सुचायला पाहिजे होतं. नाही सुचलं.

दोरी मागं बांधली, मोटर वाढवली. नांगर जागचा हलला नाही, होडीची मागची बाजू मात्र खाली बसली. मोटरीचं वजन आधीच मागं, वर आम्ही दोघं मागंच, त्यात दोरी खाली ओढतेय. एक लाट सरळ आत आली, पाठोपाठ दुसरी. डबे, गळ, शेंगाचटणीची पुडी, सगळं तरंगायला लागलं. दोस्तानं मासे कापायच्या सुरीनं दोरी कापली म्हणून वाचलो. काठावर एक म्हातारे भोई अण्णा जाळं निवडत बसले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. एवढंच म्हणाले, "वढून काय व्हतंय ओ? ज्या वाटंनं गेला त्या वाटंनं काढा की."

तेव्हा ते टोमणा मारताहेत असं वाटलं. पुढच्या मे महिन्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेली, पाणी मागं सरलं आणि मी मुद्दाम ती जागा शोधत गेलो. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हा शेतं, विहिरी, बाभळी जागच्या जागी पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं ते सगळ्यांना फोटोमुळं माहीत आहे, पण तळाला आणखी काय काय आहे ते नांगर टाकताना कुणाच्या ध्यानात नसतं. माझा नांगर एका जुन्या विहिरीच्या दगडी कडेत अडकलेला होता. आम्ही ओढलं त्या दिशेनं खेचला, ढिम्म. उलट्या बाजूला जाऊन एका हातानं उचलला, लगेच निघाला.

तेव्हापासून नांगर अडकला की मी आधी दोरी ढिली सोडतो, होडी नांगराच्या पलीकडं नेतो आणि वल्ह्यानं, हळू, उलटी ओढ देतो. दोरी कायम तोंडाकडच्या खुंटीला. तरी नाही निघाला तर कापतो. नांगर हजार-बाराशेत परत होतो.

दोरी फक्त दांड्याच्या वरच्या कडीला बांधणं

बाभळी आणि दगड असलेल्या पाण्यात हे करू नका. साखळी नांगराच्या बुडाला, फाळ जिथं जोडलेत तिथं पक्की करायची. मग ती दांड्याच्या अंगानं वर आणून वरच्या कडीला नुसत्या सुतळीनं बांधायची. एरवी नांगर नेहमीसारखा धरतो. अडकला आणि तुम्ही नेटानं ओढलं की सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि फाळ उलटे बाहेर येतात. अण्णा म्हणाले तेच हे. सुतळी किती फेरे घ्यायची ते आपापल्या होडीवर आजमावा, मी तीन घेतो. वाऱ्याच्या दिवशी ती आपोआप तुटून होडी वाहत गेली असंही एकदा झालंय. चार फाळांचा नांगर करायचाच असेल तर सळई बारीक घ्या, म्हणजे जोर आला की वाकून सुटते. माझा तो १६ मिलीमीटरवाला आता अंगणात वेलाला आधार देतो.

कॅनची युक्ती अर्धवट ऐकून करणं

दोरीवर मोठी कडी सरकती ठेवायची, कडीला हवाबंद कॅन बांधायचा आणि होडी हळूहळू नांगराच्या पुढं न्यायची. कॅन दोरीवरून मागं सरकतो, नांगर उचलून पाण्याच्या वर आणतो. नांगराला लागून पाच-सहा फूट साखळी असली की ती कडीतून पलीकडं उतरते आणि नांगर परत खाली जात नाही. मग मोटर बंद करून दोरी वरच्या वर ओढून घ्या. कंबर वाचते, खरंच.

पण लोक पाच लिटरचा तेलाचा कॅन लावतात आणि तो नांगरासोबत बुडतो. २० लिटरचा कॅन साधारण २० किलो पाणी बाजूला सारतो, त्याला आठ-दहा किलोचा नांगर साखळीसकट जड नाही. झाकण घट्ट हवं. सरळ दोरीच्या रेषेत जाऊ नका, थोडं तिरकं जा, नाहीतर दोरी मोटरीच्या पंख्यात गुंतते. आणि चिखलातून सुटणाऱ्या नांगरासाठीच ही युक्ती आहे, विहिरीच्या दगडात अडकलेल्यासाठी नाही. आसपास भोयांची जाळी असतील तर कॅन बाहेरच काढू नका, त्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. नांगर म्हणून दगड: १५ किलोचा दगड पाण्यात नऊ-दहा किलोचाच लागतो, म्हणून नीट धरत नाही आणि पाण्याबाहेर येताना ऐन कडेशी पंधराचा होतो. सहा मिलीमीटरची दोरी हात कापते, दहा-बारा घ्या. तरंगणारी स्वस्त प्लॅस्टिकची दोरी पंख्याकडं जाते, नायलॉन बुडतो. दोरीच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. दोरीचं दुसरं टोक होडीला बांधलंय का, ते टाकायच्या आधी बघा (हसू नका, दरवर्षी कुणीतरी विसरतं). ओढताना बसून ओढा आणि दुसऱ्यानं समोरच्या अंगाला बसावं.

लाइफ जॅकेट नुसतं होडीत ठेवून भागत नाही, अंगात घाला. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. याच पाण्यात. आभाळ भरून आलं तर नांगर सोडवत बसायचं नाही, दोरी कापायची. सुरी म्हणूनच डब्यात नाही, कमरेला असते माझ्या.