समुद्रातल्या दीपगृहाचं मॉडेल करताय? दगड चिकटवू नका, अडकवा

शाळेच्या सायन्स एक्झिबिशनला दिवादांडी करायची म्हटलं की बहुतेक जण पुठ्ठ्याची नळी घेतात, लाल-पांढरे पट्टे मारतात, वर एक बल्ब, झालं काम. दिसतं छान, पण भर समुद्रात चारी बाजूंनी लाटा बसत असताना ती उभी कशी राहते हे त्यातून काहीच कळत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे. ऐरोलीला भाचीबरोबर मी इंग्लंडच्या एडिस्टन दीपगृहाचं मॉडेल केलं, टबात लाटा मारल्या तरी उभं राहणारं. ते कसं केलं ते सांगतो.

आधी एडिस्टनच का ते बघा. प्लिमथसमोरच्या समुद्रातले हे खडक भरतीला पाण्याखाली जातात. तिथला पहिला टॉवर १६९८ मध्ये विन्स्टन्लीने बांधला आणि १७०३ च्या वादळात तो स्वतः आत असतानाच सगळं वाहून गेलं. दुसरा रुडयर्डचा, लाकडी, तो १७५५ मध्ये जळाला. मग जॉन स्मीटन आला आणि त्याने दगडाचा बांधला, १७५९ मध्ये दिवा लागला. त्याची अडचण अशी की काम फक्त ओहोटीला करता यायचं, तासा-दोन तासांत पाणी परत यायचं आणि चुना काही तेवढ्यात धरत नाही. म्हणून त्याने प्रत्येक दगड शेजारच्या दगडात अडकेल असा कापला, सुतार कबुतराच्या शेपटीसारखा सांधा करतात ना, तस्साच. चुना नंतर धरू दे, दगड आत्ताच हलता कामा नये.

माप: खरं दगडी बांधकाम साधारण १८ मीटर उंच, तळाला ८ मीटर रुंद, वर ५. आपण ५० पट लहान करायचं, म्हणजे उंची ३६ सेंटिमीटर, तळ १६, वरचा व्यास १०.

आम्ही पहिल्यांदा गणपतीची उरलेली शाडू माती वापरली. ठोकळे इतके सुबक झाले की भाची सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, आणि टबात ठेवल्यावर दहा मिनिटांत नुसता चिखल. तेव्हा शाडू नको, पांढरं सिमेंट आणि बारीक रेती घ्या, हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. हातमोजे मात्र घाला, सिमेंट आणि चुना दोन्ही कातडी खातात.

जुन्या परातीत आधी खडक ओता, एका बाजूला उतरता, आणि ओला असतानाच त्याला पायऱ्या पाडा. स्मीटनचा १७५६ चा अख्खा सीझन खडक कापण्यातच गेला होता, पहिला दगड बसला तो जून १७५७ मध्ये. मग १६ सेंटिमीटरच्या डब्याच्या झाकणात तेल लावून २ सेंटिमीटर जाडीची चकती ओता. ती खडूसारखी झाली की कागदावरचं डिझाइन वर ठेवून हॅकसॉच्या पात्याने वड्या पाडतो तशा रेषा कापा: मधे एक चौकोनी दगड, त्याला अडकणारे चार, त्यांच्याभोवती आठ. घाई केलीत तर कडा ढासळतात, उशीर केलात तर चकती तडकते. आमच्या दोन फुकट गेल्या. असे चार थर करा, वरचा थर थोडा फिरवून बसवा म्हणजे सांध्यावर सांधा येणार नाही, आणि दोन थरांच्या मधे भोकं पाडून बांबूच्या काडीचे तुकडे घाला. स्मीटनने तिथे संगमरवराच्या खुंट्या घातल्या होत्या. मॉडेलमध्ये खालचे चार थर भरीव पुरेत, त्याच्या वर कार्डशीट चालेल.

आता फटीत काय भरायचं? फेव्हिकॉल अजिबात नाही. पानाच्या टपरीवरचा चुना घ्या आणि त्यात विटेची बारीक वस्त्रगाळ भुकटी मिसळा, म्हणजे आपली सुरखी. साधा चुना पाण्याखाली धरत नाही. स्मीटनने चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुना आणि इटलीहून आणलेली ज्वालामुखीची राख एकत्र केली, आणि सुरखी चुन्यात नेमकं तेच काम करते. हे मुलांना डोळ्यांनी बघू द्या: एक गोळी नुसत्या चुन्याची, एक सुरखीची, पंधरा दिवस ओल्या फडक्यात ठेवा आणि मग दोन ग्लासांत पाण्यात सोडा. आमची चुन्याची गोळी बोटाने दाबल्यावर फुटली, सुरखीची तशीच राहिली.

दिव्याला ब्लिंक होणारा एलईडी लावू नका प्लीज. स्मीटनच्या दीपगृहात २४ मेणबत्त्या होत्या, उजेड स्थिर. आज तिथे उभं आहे ते डग्लसचं १८८२ चं दीपगृह, ते दर १० सेकंदांत दोनदा चमकतं.

टेस्ट गच्चीवर करा, टबात पाणी भरून पाटाने लाटा ढकला. नीट बघितलंत तर दिसेल की स्मीटनच्या वळणदार बुंध्यावरून पाणी सरसर वर चढतं. डग्लसने हेच ओळखून तळाला सरळ उभा गोल चौथरा केला, लाट त्याच्यावर आपटून तिथेच फुटते. जमलं तर प्लास्टिकच्या डब्याचा तसा एक चौथरा करून शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो.

परीक्षकांनी आपल्याकडचं काही विचारलं तर मुंबईचं प्रॉन्ग्ज, १८७५ चं, कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर. आणि थळसमोर खांदेरीवरचं, १८६७ चं.

आणि वरचा भाग खालच्याला कायमचा जोडू नका. स्मीटनचा टॉवर कधी पडलाच नाही, त्याच्या खालचा खडक लाटांनी झिजायला लागला म्हणून वरचं बांधकाम उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभं केलं, आणि खालचा बुंधा निघेना म्हणून तो समुद्रातच राहिला, अजूनही आहे. भाची प्रत्येकाला हे सांगताना दोन्ही हातांनी वरचा भाग उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची.