प्राटेन्सिस की ट्रिव्हिआलिस? कुरणातली दोन जुळी गवतं अशी ओळखा

पोआ प्राटेन्सिस (म्हणजे केंटकी ब्लूग्रास) आणि पोआ ट्रिव्हिआलिस, दोघांना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्येच नावं दिली आणि तेव्हापासून लोक यात गोंधळतायत. रंग आणि उंची बघून ठरवू नका प्लीज, दोन्ही जागेप्रमाणे बदलतात.

आधी गवत पोआच (म्हणजे या दोघांच्या गटातलंच) आहे ना ते बघा. पात्याचं टोक होडीच्या नाळेसारखं वळलेलं आणि पात्याच्या मधोमध दोन बारीक समांतर रेघा, उजेडात धरलं की लगेच दिसतात.

आता मेन गोष्ट म्हणजे लिग्यूल. पातं दांड्यापासून जिथे सुटतं तिथे आतल्या बाजूला एक पातळ पांढुरका पडदा असतो, पातं हळूच मागे ओढलं की दिसतो, भिंग असेल तर उत्तमच. प्राटेन्सिसचा पडदा आखूड आणि बोथट, जेमतेम 1 ते 3 मिमी, ट्रिव्हिआलिसचा लांब आणि टोकदार, 4 ते 10 मिमीपर्यंत जातो. पण हे तुरा आलेल्या दांड्याच्या सगळ्यात वरच्या पानावरच बघायचं हं, कारण ट्रिव्हिआलिसच्या खालच्या पानांचा पडदा बराच आखूड असतो आणि तिथेच फसायला होतं.

मग बोटं वापरा. दांड्याला गुंडाळलेला पानाचा खालचा भाग चिमटीत धरून वर-खाली फिरवा, खरखरीत लागला तर बहुतेक ट्रिव्हिआलिस, गुळगुळीत असेल तर प्राटेन्सिस. कधीकधी ट्रिव्हिआलिसही फारसं खरखरत नाही, त्यामुळे एवढ्यावरच निकाल नको. ट्रिव्हिआलिसचं पातं उलटं करून पण बघा, खालची बाजू मस्त चकचकीत असते.

तुरा नसेल तर थोडी माती उकरा, मला तर हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. प्राटेन्सिसची खोडं जमिनीखालून आडवी पसरतात, ट्रिव्हिआलिसची जमिनीवरून सरपटत जातात आणि पेरापेराला मुळं धरतात. म्हणूनच ट्रिव्हिआलिस ओलसर, सावलीच्या जागी खूश असतं, मुळं उथळ असल्याने कोरड्या उन्हाळ्यात आधी तेच करपतं.

आणि प्राटेन्सिसची दोन झाडं एकमेकांसारखी दिसली नाहीत तर घाबरू नका. त्याचं बरंचसं बी परागीभवनानंतरही फलनाशिवाय तयार होतं, म्हणून एकेक वेगळा प्रकार तसाच्या तसा पुढे चालू राहतो. उंच, बुटका, निळसर, रुंद पात्याचा, सगळे प्राटेन्सिसच. अशा वेळी परत लिग्यूल आणि खोडच बघायचं.