फ्रेम पूलच्या व्हॅक्यूमसाठी घरी अ‍ॅडॉप्टर बनवताय? या चुका टाळा

मावळातल्या आमच्या शेतघरी 15 फुटी गोल फ्रेम पूल (नळ्यांच्या सांगाड्यावर विनाइलचं अस्तर लावलेला, जमिनीवर उभा राहणारा) आहे. 4 फूट उंच, साधारण 16-17 हजार लिटर पाण्याचा. मे महिन्यात वारा सुटला की दोन दिवसांत तळाशी लाल मातीची साय धरते आणि मुलांनी उडी मारली की पाणी चहासारखं दिसतं. सोबत मिळालेला छोटा फिल्टर पंप वरचं पाणी फिरवतो, तळाची माती तशीच राहते. म्हणून व्हॅक्यूमचा ब्रश आणि लांब पाइप वेगळा मागवला. तो आला तेव्हा कळलं, की पाइपचं तोंड आणि पूलच्या भिंतीतल्या सक्शनचं (पंप जिथून पाणी ओढतो ते) तोंड यांचं जमत नाही. मधला जोड, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, घरीच करायचा ठरवला. तीन वेळा केला, तेव्हा कुठे नीट चालला. आधीच्या दोन खेपांना काय चुकलं आणि ओळखीच्यांकडे काय चुकताना पाहिलं, ते सांगतो.

"दीड इंची द्या" म्हणू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पूलचा दीड इंची व्हॅक्यूम पाइप म्हणजे आतून 38 मिमी. प्लंबिंगचा दीड इंची पीव्हीसी पाइप बाहेरून 48.3 मिमी भरतो. शेतीचा पीव्हीसी पाइप तर बाहेरच्या व्यासावरूनच ओळखला जातो: 32, 40, 50, 63 असा. तिन्हीला दुकानात लोक सर्रास दीड इंची, सव्वा इंची म्हणतात. दुकानदाराची चूक नसते, आपण माप न घेता गेलेलो असतो. छोट्या पंपांचे पाइप बहुतेक 32 मिमीचे आणि मोठ्यांचे 38 मिमीचे असतात, तेव्हा आपला कुठला आहे तेही आधी बघा.

व्हर्निअरने दोन मापं घ्या आणि मिलिमीटरमध्ये लिहा: व्हॅक्यूम पाइपच्या कफचा (टोकाच्या मऊ तोंडाचा) आतला व्यास आणि भिंतीतल्या फिटिंगचा, जाळी काढल्यावरचा, आतला व्यास. व्हर्निअर नसेल तर सरळ पाइपच उचलून दुकानात न्या आणि तिथेच बसवून बघा.

आमच्या 38 मिमीच्या पाइपात शेवटी शेतीच्या 40 मिमी पाइपाचा वीतभर तुकडा बसला. कफ मऊ प्लॅस्टिकचा असतो. तो दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात धरला, तुकडा फिरवत फिरवत आत सारला आणि गार झाल्यावर तो असा आवळला की क्लिपही लागली नाही. दुसरं टोक फिटिंगमध्ये सैल होत होतं. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून दोन वेढे दिले. पंप चालू झाला की त्याची ओढच जोड धरून ठेवते.

सॉल्व्हंटने चिकटवू नका, आटेही पाडू नका

हाताने ओढला की निघाला पाहिजे, असाच जोड करा. सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला पीव्हीसी चिकटवतं. पूलच्या पाइपाचा मऊ कफ त्याने धड चिकटत नाही, नुसता चिकट थर बसतो आणि पुढच्या खेपेला जोडात फट राहते. फिटिंगवरचे आटे कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, नळाचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) त्यावर जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. तसं फिटिंग बदलायचं म्हणजे पूल रिकामा करणं आलं.

हॅक्सॉने कापलेली कड कानस आणि पॉलिश पेपरने गोल करायलाही विसरू नका. कापल्यावर पाइपाच्या कडेला जे पातळ दात राहतात, ते विनाइलच्या अस्तरावरून एकदा घासले तरी चीर पडते. आमच्या पूलला तळाशी बोटाएवढं एक ठिगळ आहे, ते याच कारणाने. ब्रशही चाकांचा, वजनदार, काँक्रीटच्या पूलचा घेऊ नका. विनाइलला खाली केस असलेला ब्रशच लागतो.

ओढ का येत नाही?

शेतावर मोटरने हवा धरली की काय करायचं हे आपल्याला ठाऊक असतं. इथेही तेच आहे, पण एक फरक लक्षात ठेवा. आपला अ‍ॅडॉप्टर पाण्याखाली असतो. तो गळका असेल तर हवा नाही, पाणीच आत ओढलं जातं. म्हणजे परतीच्या तोंडातून (पंपाचं पाणी जिथून पूलमध्ये परत येतं तिथून) बुडबुडे येणार नाहीत, फक्त ब्रशची ओढ मंद होईल. अशा वेळी ट्यूबची पट्टी तपासा. बुडबुडे येत असतील तर मात्र अ‍ॅडॉप्टरला दोष देऊ नका. पाइपात हवा राहिली आहे, पाइपाचा एखादा भाग पाण्यावर आहे आणि तिथे भोक आहे, नाहीतर पंपाच्या झाकणाची ओ-रिंग कोरडी पडली आहे. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने काही जातीचं रबर फुगतं.

हवा काढायची तर ब्रश तळाशी टेकवा, पाइपाचं मोकळं टोक परतीच्या पाण्याच्या झोतासमोर धरा आणि ब्रशखालून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हलू नका. मग टोकावर तळहात ठेवून, पाण्याबाहेर न काढता, ते अ‍ॅडॉप्टरपर्यंत न्या.

सुरुवातीला जोर आणि पाच मिनिटांत मंद, असं झालं तर दोनच ठिकाणं बघा. एक फिल्टरची कार्ट्रिज, म्हणजे आतली घड्यांची गाळणी. बारीक माती तिच्या घड्यांत लगेच बसते. दुसरं, तुमच्या जोडात रेड्यूसर (मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा तुकडा) असेल तर त्याच्या आतली पायरी. आमच्या दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये कडुनिंबाची एक काडी त्या पायरीवर आडवी अडकली होती, तिच्यावर माती साचून बोळाच झाला होता. रेड्यूसर टाळता आला तर उत्तम, नाहीतर आतली पायरी कानशीने उतरती करा. बागेतल्या पाण्याच्या पाइपावरून जोड काढायचा विचार तर सोडूनच द्या. 16 मिमीच्या पाइपाचं छिद्र 38 मिमीच्या छिद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतं, पंप उपाशी राहतो.

पंप हवाच असं नाही

हे मला फार उशिरा सुचलं. आपला पूल जमिनीच्या वर आहे, पाणी आधीच उंचावर आहे. व्हॅक्यूमचा पाइप पाण्याने भरून त्याचं दुसरं टोक भिंतीवरून बाहेर उतारावर टाकलं की सायफनने तळाचा गाळ आपोआप बाहेर पडतो. अ‍ॅडॉप्टर नको, कार्ट्रिज नको, वीज नको. पावसाळ्यानंतरचं हिरवं शेवाळ आणि तुरटीने खाली बसवलेला गाळ असाच काढा, कारण हे दोन्ही कार्ट्रिजमधून निसटून परत पूलमध्ये येतात. तुरटी रात्री घालायची, पंप बंद ठेवायचा, सकाळी पाण्यात न उतरता ब्रश अगदी सावकाश फिरवायचा. तुरटीने पाण्याचा पीएच उतरतो, तो नंतर तपासून घ्यायचा.

यात पाणी जातं, हे खरं. आमच्या 15 फुटी पूलमध्ये एक इंच पातळी म्हणजे सुमारे 415 लिटर. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्यांनी आधी जाळीने पानं काढावीत आणि माती जिथे जास्त आहे तेवढाच भाग सायफनने ओढावा.

जाळी काढलेली असताना पाण्यात कुणी नको

अ‍ॅडॉप्टर बसवायला सक्शनची जाळी काढावी लागते. उघडं सक्शन केस, हात, पोट धरून ठेवू शकतं. अमेरिकेत 2002 मध्ये ग्रेम बेकर ही 7 वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या ड्रेनने ओढून धरल्यामुळे बुडाली. तिच्या नावाने तिथे 2007 मध्ये ड्रेनच्या झाकणांविषयी कायदा झाला. आपला पंप त्यापेक्षा लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लांब केस ओढायला तेवढाही पुरतो.

आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी मुलं बाहेर आणि शिडी काढलेली. मग पंपाची पिन सॉकेटमधून बाहेर, नुसतं बटण बंद नाही. त्यानंतर जाळी काढणं, अ‍ॅडॉप्टर बसवणं. पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप बंद करणारा स्विच) नसेल तर व्हॅक्यूमच्या आधी ती बसवून घ्या. काम झालं की पुन्हा पिन काढायची, अ‍ॅडॉप्टर ओढून घ्यायचा आणि जाळी हाताने आवळून बसवायची. शिडी परत लावण्याआधी मी पाण्यात हात घालून ती जाळी एकदा चाचपून बघतो. अ‍ॅडॉप्टर धुऊन पडवीत सावलीला टांगतो, उन्हात ठेवला तर पीव्हीसी ठिसूळ होतं आणि ट्यूबची पट्टी तडकते.