दुकानांमागचा बोळ मोकळा ठेवायचाय? मग या चुका टाळा

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या बोळात माझी पंचवीस वर्षं गेली. वाहतूक शाखेला द्यायचे अर्ज आजूबाजूच्या वाड्यांनाही मीच लिहून देतो. जवळजवळ प्रत्येक कच्च्या अर्जात एकच चूक सापडते: त्रास थांबणाऱ्या गाड्यांचा, आणि मागणी मात्र ‘नो पार्किंग’ची.

बोळातला टेम्पो पार्क केलेला नसतोच. चालक जागेवर, इंजिन चालू, मागचा फाळका उघडा, हमाल खोकी उतरवतोय. पोलीस आले की ‘साहेब, माल उतरवतोय, दोनच मिनिटं.’ निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ असेल तर गाडी लावायला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. तुम्हाला फुली हवी आहे. अर्जात ‘नो स्टॉपिंग’ असंच लिहा.

आमच्याकडे आधी एका रेघेची पाटी लागली आणि सगळे निश्चिंत झाले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, रात्री आठच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथेच अडकली. आत कापडाचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो उभा. आम्ही चौघांनी आजींना लाकडी खुर्चीत बसवून उचललं. टेम्पो आणि स्कूटरींच्या मधून जाताना एका आरशाने त्यांचं कोपर सोललं. आजी बचावल्या, पण खुर्चीच्या हातावरचं ते रक्त मी विसरलेलो नाही. आणि टेम्पोवाला म्हणत होता, ‘मी पार्क कुठे केलंय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन बोळ मोजला. रुंदी 4.5 मीटर. भिंतीला तोंड करून लावलेली स्कूटर 1.8 मीटर खाते, ‘छोटा हत्ती’ म्हणजे लहान टेम्पो 1.5. उरतात 1.2. कायद्याने गाडी 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकते, मग बंब आत येणार कुठून? हा हिशोब अर्जात आकड्यांनिशी मांडा. ‘नागरिकांची प्रचंड गैरसोय होते’ हे वाक्य प्रत्येकच अर्जात असतं.

माझा खरा राग आहे तो माल कुठे उतरणार याचा विचार न करता बंदी मागणाऱ्यांवर. दुकानदाराचं पोट त्या मालावर आहे. त्याला विचारलंच नाही, तर हरकत घेणारा पहिला तोच असतो, आणि त्याचं चुकत नाही. मी वही घेऊन दुकानोदुकानी फिरतो: माल कधी येतो, कशातून येतो, उतरायला किती वेळ लागतो. आमच्या अकरापैकी नऊ जणांना सकाळी दहाच्या आत माल मागवणं जमत होतं. मग सकाळी 7 ते 10 सूट आणि पुढे बंदी, अशी मागणी केली. उरलेल्या दोघांचा माल बोळाच्या तोंडापासून हातगाडीने येतो.

अर्ज वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे करा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 115, 116 आणि 117 खाली असे आदेश निघतात. आधी तात्पुरता आदेश, मग हरकती-सूचना, मग अंतिम आदेश. नव्या उत्साही मंडळींना इथेच दम निघत नाही आणि ती ओळखीच्या नगरसेवकाकरवी रातोरात पाटी ठोकून घेतात. आदेश नसलेल्या पाटीवरचं चलन कुणीही आव्हान देऊन उडवेल. रीतसर आदेश असेल तर पहिल्यांदा 500 आणि पुन्हा सापडल्यास 1500 रुपये दंड होतो.

ड्रम, कुंड्या, साखळ्या आडव्या टाकू नका. बंबालाही त्याच आडव्या येतात.

‘हवा सोडली जाईल’ अशी पाटी रंगवू नका. हवा सोडलेली गाडी तिथेच अडकून बसते.

पाटी बोळाच्या दोन्ही तोंडांना मागा.

सवलतीच्या यादीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन असतंच. घंटागाडी आठवणीने घाला.

पाटी लागल्यावर पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी सातला एक फेरी मारतो. पाटीसमोर कुणी ताडपत्री बांधलीय का, हँगरला कुडते टांगलेत का, ते बघतो. असतील तर दुकानात जाऊन मालकाशी बोलतो, स्वतः हात लावत नाही. तो ते हटवतो, मग मी पाटीचा तारखेसह फोटो घेतो.