स्वस्तातली विंडोज की: घेण्याआधी आणि टाकल्यावर काय बघायचं

की म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करायचा 25 अक्षरी कोड. आधी ती लागतेय का, ते बघा. नाशिकच्या एमजी रोडवरून लॅपटॉप फॉरमॅट करून आणला, स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसायला लागलं, की लोक तीन-चारशेची ‘लाइफटाइम’ की शोधत सुटतात. विंडोज 8 पासून, विंडोजसकट विकलेल्या ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. फॉरमॅट करणाऱ्याने बहुतेकदा विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी प्रो टाकलेलं असतं, एवढाच घोळ. मूळ आवृत्ती टाका (आपल्याकडे बहुधा होम सिंगल लँग्वेज), नेट जोडा, झालं.

असेंबल केलेल्या पीसीला मात्र की लागतेच. विक्रेत्याकडून जीएसटी बिल घ्या, त्यावर ‘रिटेल’ (सुटी विकायची की) किंवा ‘ओईएम’ (एकाच मशीनला बांधलेली की) लिहून घ्या, माल परत करायची मुदत विचारा. सेटिंग्जमध्ये जाऊन 25 अक्षरं टाका.

आता खरी मेख. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, परमनंट ॲक्टिव्हेटेड दाखवतंय ना, मग?’ यूट्यूबवरचे गुरुजीही तेवढंच तपासायला सांगतात. त्या शब्दावर अजिबात जाऊ नका. एखाद्या कंपनीने शेकडो मशीनसाठी घेतलेली की सुटी करून विकली, तरी तुमच्या स्क्रीनवर ‘परमनंट’च येतं.

बघायचा असतो चॅनेल, म्हणजे की कुठल्या प्रकारात विकली गेली ते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, तिरपी रेघ (/) द्या, तिला चिकटून डी-एल-आय लिहा आणि एंटर मारा. छोटी खिडकी उघडेल, तिच्यातली ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ वाचा. तिथे ‘व्हॉल्यूम एमएके’ असेल तर ती कुठल्यातरी संस्थेची की आहे. मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केली की तुमचं ‘परमनंट’ गेलं. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असेल तर ॲक्टिव्हेशन 180 दिवसांचंच, पुढे ते ॲक्टिव्हेट करणारा सर्व्हर सापडला नाही की संपलं. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून पैसे परत मागा. ‘आधी वापरून तर बघा’ या गोडबोलेपणात मुदत निघून जाते, विक्रेत्याला तेच हवं असतं. ‘ओईएम’ असेल तर चालेल, पण मदरबोर्ड बदलला की ती की सहसा गेली म्हणून समजा. ‘रिटेल’ सगळ्यात बरी, नव्या मशीनवर नेता येते. तरी चोरीच्या कार्डावर घेतलेली कीसुद्धा रिटेलच दिसते, म्हणून वर बिलाचा आग्रह धरला.

विक्रेता कीऐवजी फाइल पाठवून ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं ‘पाच डिव्हाइस, लाइफटाइम’ खातं घेऊच नका. त्यात युजरनेम-पासवर्ड विक्रेताच देतो. ते खातं कुठल्यातरी संस्थेच्या नावावर असतं, तिथला ॲडमिन ते कधीही बंद करू शकतो आणि वनड्राइव्हवरच्या (त्या खात्याच्या ऑनलाइन जागेतल्या) तुमच्या फाइलीही उघडू शकतो. पत्र आणि हिशेबापुरतं हवं असेल तर तसंच दुसरं सॉफ्टवेअर, लिब्रेऑफिस, फुकट आहे, मराठी नीट चालतं.

अंबड-सातपूरला वर्कशॉप असेल किंवा कॅनडा कॉर्नरला सीएचं ऑफिस, तर या स्वस्त कीच्या वाटेला जायचंच नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63बी खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. आणि पैसे घेऊन विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला, तर त्याच्या मागे न लागता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.